साय करपली

६ डिसेंबर

चि. सौ. टिटवीस,
अ. उ. आ. वि. वि.,

तुझं पत्र पोचलं. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तुला अंथरुणातून उठायची बंदी केली हे वाचून आधी काळजी वाटली आणि मग, खोटं कशाला बोलू, हसू आलं. जी पोर जन्मात एका जागी बसली नाही, तिला बाळानं पोटातूनच जागेवर बसवलं. आता सासूबाईंचं ऐक. जावईबापू बोटीवरून परत येईपर्यंत त्याच तुझ्या डॉक्टर, पोलीस आणि आई. तुझ्या दवाखान्यातली कुत्री-मांजरं तुझ्यावाचून दोन-तीन महिने जगतील.

मी मजेत आहे. घरातली माझी खोली तुला माहीतच आहे. खिडकीखालचा गरम पाण्याचा पाइप इतका तापतो की शाल अंगावर टिकत नाही. दिवसा बाइंडिंगच्या कारखान्यात, संध्याकाळी घरात, असा माझा दिनक्रम. थंडीनं खळ घट्ट होते आणि पुठ्ठे नीट चिकटत नाहीत, तेवढी एक कटकट आहे. गेल्या हिवाळ्यातलं फुप्फुसांचं दुखणं परत आलेलं नाही. घसा जरा खवखवतो, पण तो घसा आहे, तुझ्या दादाचा रेडिओ नव्हे, की बिघडला म्हणून सगळ्या घरानं भोवती जमावं.

तुझी साय मांजरही खुशाल आहे. तुझी आई गेल्यावर तू तिला टोपलीत घालून माझ्यासाठी आणलीस, तेव्हा ती खरोखरच दुधावरच्या सायीच्या रंगाची होती. आता मात्र बाईसाहेब करपल्या. पाठ, खांदे, मांड्या, सगळं कॉफीच्या रंगावर गेलंय. वय झालं, दुसरं काय. माझे केस काळ्याचे पांढरे झाले, तिचे पांढऱ्याचे काळे, म्हणजे फिट्टंफाट. कागदवाला परवा नवा कॅमेरा मिरवत आला होता. त्यानं आमचा दोघांचा फोटो काढला, तो सोबत पाठवतोय. मी कसा दिसतो ते बघत बसू नकोस, तिला बघ.

सासूबाईंना नमस्कार, पोटातल्याला आशीर्वाद. माया आहेच, ती आता या वयात कुठे जायची?

तुझे,
बाबा


१२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.,

बाबांचं पत्र आणि फोटो मिळाला. हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. फोन केला की तू सगळं ठीक आहे म्हणून ठेवून देतोस आणि बाबांना फोनवर ऐकू येत नाही. कागदावर खोटं लिहायला तुला शाळेपासून जड जातं, म्हणून कागदावरच विचारते. बाबा रात्री कुठे झोपतात?

पडून पडून हिला वेड लागलं असं तुला वाटेल. लागलंय थोडंसं. पण तू सायकडे बघ. तिची आई कोळशासारखी काळी, बापही काळाच, आणि पोटी हे दुधाळ पिल्लू. तेव्हा आमच्या शेजारणींनी त्या बिचाऱ्या मांजरीच्या चारित्र्यावरसुद्धा शंका घेतली होती. दोष तिचा नव्हता. दोघांच्याही अंगात एक लपलेला गुण होता. तो एकाकडूनच आला तर दिसत नाही, दोघांकडून आला तरच पिल्लात उघडा पडतो. असं पिल्लू रंगाच्या बाबतीत विक्षिप्त असतं. त्याच्या अंगात रंग बनवणारा जो कारागीर असतो, तो ऊब मिळाली की हातातलं काम टाकून झोपतो आणि गारठा लागला की उठून कामाला लागतो. आईच्या पोटात ऊब असते, म्हणून ही पिल्लं जन्मतात पांढरी. पुढे कान, नाक, पंजे आणि शेपूट तेवढी गडद होतात, कारण अंगाचा तोच भाग थंड राहतो. पाठ उबदार, म्हणून पाठ फिकट.

आता तूच सांग, जी मांजर रोज गरम पाइपाला पाठ शेकत बसते, तिची पाठ काळी कशी होईल? वयानं ही मांजरं गडद होतात हे खरं आहे, पण ते सावकाश, कित्येक वर्षांत. उन्हाळ्यात मी आले होते तेव्हा ती साय होती. तिच्या पाठीवरचा एक केस उपटून उजेडात धर. टोक फिकट आणि बुडखा काळा निघाला, तर तो केस उबेत उगवायला लागला आणि थंडीत वाढला असं समज.

साय बाबांना सोडून झोपत नाही हे आपल्या घरात लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे जिथे ती गारठते तिथेच बाबा गारठतात. फुप्फुसांना पुन्हा थंडी बाधली तर हा माणूस आपल्या हाती लागायचा नाही, असं डॉक्टरांनी गेल्या हिवाळ्यात आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. तू तेव्हा मान खाली घालून बसला होतास, मला अजून दिसतंय. मला भीती वाटते दादा. लगेच लिही.

वहिनीला नमस्कार, छोटीला पापा. लोभ मागाहून, आधी उत्तर.

तुझी,
टिटवी


१७ डिसेंबर

चि. सौ. टिटवी,
अ. आ. वि. वि.,

बाबांनी तुझं नाव उगाच टिटवी ठेवलं नाही. आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी तू! एका मांजरीच्या पाठीवरून तू आमच्या घराची झडती घेतलीस. वहिनीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली की ही डॉक्टर झाली नसती तर फौजदार झाली असती.

आता खरं सांगतो, कारण तू ऐकल्याशिवाय झोपणार नाहीस. हिवाळा सुरू व्हायच्या सुमाराला छोटीला रोज धाप लागायला लागली. ओठ निळे पडेपर्यंत मजल गेली. डॉक्टरांनी तपासून मांजर हेच कारण असल्याचं सांगितलं, ती घरात असता कामा नये असं बजावलं. म्हणून साय आता कारखान्यात राहते. तिथे थंडी असतेच, त्यात तिचा रंग बदलला असेल. बाबा दिवसभर तिच्यापाशी असतात, संध्याकाळी घरी येतात, जेवतात, त्यांच्या खोलीत झोपतात. तू दिलेली मांजर आम्ही बाहेर काढली हे तुला या अवस्थेत कळू नये, एवढंच आम्ही लपवलं. झालं समाधान?

आता डोळे मीट आणि बाळाचा विचार कर. कळावे, राग नसावा, असलाच तर अर्धाच ठेवावा.

तुझा,
दादा


२० डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.,

अर्धा राग नाही, पुरता आहे. छोटीचं वाचलं. ते तू मला पहिल्याच दिवशी कळवायला हवं होतंस. त्या लेकराच्या श्वासापुढे मांजर काय चीज आहे? ती बाहेर काढलीस ते योग्यच केलंस.

पण बाकीचं खोटं आहे. फोटो माझ्या उशाशी आहे. साय सगळी करपली आहे, पण डावी कूस आणि पोट अजून तसंच दुधाळ आहे. ती रात्री कारखान्यात एकटी झोपत असती तर दोन्ही कुशी सारख्याच काळ्या झाल्या असत्या. तिची एकच कूस रोज रात्रभर कशाला तरी उबदार चिकटून असते. त्या दुखण्यापासून बाबांना उजव्या अंगावरच झोप लागते आणि साय त्यांच्या पोटाशी शिरून एकाच बाजूनं पडते. उन्हाळ्यात मी ते रोज पाहिलंय, हसलेसुद्धा आहे. दादा, बाबा त्या कारखान्यात झोपतात. ज्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर कागद पेटेल या धाकानं काडीसुद्धा ओढू दिली नाही, तिथे, या थंडीत, शटरच्या आड.

उलट टपाली खरं आलं नाही तर मी गाडीचं तिकीट काढून निघेन. डॉक्टर काय म्हणतात आणि सासूबाई काय म्हणतात ते मग तूच निस्तर. हे मी रागानं लिहीत नाही. पडून लिहितेय म्हणून अक्षर असं आलंय.

तुझी,
टिटवी


२४ डिसेंबर

चि. सौ. टिटवी,
अ. आ. वि. वि.,

निघू नकोस. तुझ्या पाया पडतो, निघू नकोस. सगळं सांगतो.

डॉक्टरांकडून छोटीला घेऊन आलो त्या दिवशी मी घाबरलेलो होतो. दारातूनच बाबांना म्हणालो की संध्याकाळपर्यंत मांजर या घरात दिसायला नको. माझा आवाज चढला होता हे कबूल आहे. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर मांजर नव्हती, बाबाही नव्हते. त्यांची उशी आणि शाल पण नव्हती. मला वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल. दोन दिवसांचे आठवडे झाले. ते कागद कापायच्या टेबलावर गादी टाकून झोपतात. मी रोज सकाळी ऑफिसला जाताना डबा नेतो, ते शटर हातभर वर करतात, डबा आत घेतात, कालचा रिकामा डबा बाहेर ठेवतात. माझ्याशी त्या दिवसापासून एक शब्द नाही. वहिनी गेली तर तिच्याशी गोड बोलतात, छोटीची चौकशी करतात आणि विषय काढला की पुस्तकांच्या शिलाईला लागतात.

मी काय केलं नाही? मांजर कागदवाल्याकडे ठेवतो म्हणालो. डॉक्टरांना घेऊन येतो म्हणालो. तेल भरलेला विजेचा हीटर विकत आणला, ज्यात जाळ नाही, ठिणगी नाही. तो दोनदा नेला, दोन्ही वेळा शटरबाहेरच राहिला. तुला न कळवायचं तेवढं मात्र त्यांना पटलं. त्यावर आमचं एकमत चिठ्ठीवर झालं, तोंडानं नाही. दोघांनी चिठ्ठ्यांतूनच तुझ्यासाठी सगळं जुळवलं, पाइपाचं, खोलीचं, जेवणाचं. मांजरीचा रंग आमच्या डोक्यातच आला नाही.

आता खोकला वाढलाय. शटरबाहेरून ऐकू येतो. काल डबा अर्धा परत आला. आज मी हातभर फटीतून वाकून पाहिलं तर ते टेबलाला धरून उभे होते आणि साय शालीत होती. छोटीला सोडून मी तिकडे राहू शकत नाही आणि बापाला उचलून आणू शकत नाही. मला काही सुचत नाही टिटवी. तूच काही सुचव.

तुझा,
दादा


२८ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.,

मी बाबांना एक पत्र लिहिलंय, ते आजच टाकते आहे. त्यात मी धडधडीत खोटं लिहिलंय. सायला काहीही झालेलं नाही, काळी झाली तरी ती ठणठणीत आहे. पण बाबा स्वतःसाठी हीटर घेणार नाहीत हे तुला कळलंय, मलाही. मांजरीसाठी घेतात का बघू. तू तोंडावर चिकटपट्टी लाव आणि हीटर हाताशी ठेव. याउपर मला काही येत नाही.

तुझी,
टिटवी


२८ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.,

फोटो पाहिला. मी डॉक्टर म्हणून सांगते, सायचा हा रंग वयाचा नाही. ती आजारी आहे. अशा मांजरीचं अंग सतत गार राहिलं की कातडी काळी पडत जाते आणि मग आतून मूत्रपिंडं निकामी होतात. डॉक्टर म्हणून मी अशा मांजरी पाहिल्या आहेत, त्या वाचत नाहीत. तिच्यावर औषध नाही, फक्त ऊब हाच उपाय.

दादानं तुमच्या कारखान्याची सगळी हकिकत कळवली आहे. मी रागावलेली नाही आणि कुणाची बाजूही घेत नाही. पण जाळ नसलेला हीटर आतल्या भिंतीशी, कागदापासून लांब, आजच्या आज लागला पाहिजे. ती एकटी हीटरपाशी बसणार नाही, तुम्ही शेजारी बसला तरच बसेल. तुम्ही खोकलात की ती दचकून उठते, म्हणून खोकल्याचं औषधही हवं. हे सगळं मी डॉक्टर म्हणून सांगते आहे. आईच्या मागे मी तुम्हाला दिलेली ती एकच गोष्ट आहे बाबा. तिला जपा.

पोटातलं लाथा मारतंय. त्याचाही नमस्कार. तुमची सावली आमच्यावर असू द्या, याहून जास्त आज लिहवत नाही.

तुमची,
टिटवी


४ जानेवारी

चि. सौ. टिटवी,
अ. आ. वि. वि.,

हे बाबांच्या खाटेशी बसून लिहितोय. खाट घरातली, आपल्या घरातली. आधी हे वाच म्हणून आधी लिहिलं.

परवा डबा घेऊन गेलो तर शटर पूर्ण वर होतं. बाबा शालीत उभे, हातात तुझं पत्र. इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं, की हीटर कुठे आहे, मांजर आजारी आहे. मी धावत जाऊन आणला. त्यांनी स्वतः कागदाचे गठ्ठे पलीकडच्या भिंतीला लावायला घेतले. मी मदतीला गेलो तर हातानं बाजूला केलं. तिसरा गठ्ठा उचलताना खोकल्याची अशी उबळ आली की ते वाकले ते सरळ होईचनात. टेबलाला धरून खाली बसले. मी कपाळाला हात लावला तर चटका बसला. साय हीटरपुढे जाऊन पसरली होती, बाईसाहेबांना कशाची फिकीर नव्हती. मी दंडाला धरून म्हणालो की बाबा, घरी चला. मांजरीचं काय, असं त्यांनी विचारलं. हीटर चालू राहील, कागदवाला रोज येऊन बघेल असं मी सांगितलं. मग ते उठले. घराचा जिना चढताना माझ्या अंगावर इतका भार आला की मला रडू आवरेना.

डॉक्टर दोनदा येऊन गेले. उजव्या फुप्फुसात पाणी धरायला लागलं होतं. अजून दोन दिवस तिथे काढले असते तर इंजेक्शनांचाही उपयोग झाला नसता म्हणाले. धोका टळला असं अजून म्हणत नाहीत. ताप उतरतो आणि चढतो. वहिनी आणि मी आळीपाळीनं जागतोय. छोटी दारातून आजोबांना हात करते, तिला आत येऊ देत नाही.

तू अंथरुणावरच राहा. रोज कार्ड टाकीन. माझ्यावर राग असेल तर तो पुरताच ठेव, मला चालेल.

तुझा,
दादा


१६ जानेवारी

चि. सौ. टिटवीस,
अ. उ. आ. वि. वि.,

अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. ताप गेला. छातीत अजून खुरखुर होते, पण डॉक्टर आता माझ्याशी कमी आणि वहिनीच्या चहाशी जास्त बोलतात, त्यावरून मी बरा झालोय असं समजायचं. सायही बरी आहे. दुपारी डोक्याला मफलर बांधून तिच्यापाशी बसतो, कारखान्यातले कपडे तिथेच उतरवतो, संध्याकाळी हातपाय धुऊन घरी येतो. छोटीला धाप लागलेली नाही.

आता तुझं. सायच्या आजाराचं तू जे लिहिलंस ते सगळं खोटं होतं. मला वाचतानाच कळलं. तुझ्या दादाला विचारायची गरज पडली नाही. एवढ्याशा पत्रात तू तीन वेळा डॉक्टर म्हणून असं लिहिलंस. खरं सांगायचं असतं तेव्हा तू कधी डॉक्टर म्हणून सांगत नाहीस, नुसती ओरडतेस.

मग मी शटर का उघडलं, असं तू विचारशील. खरं सांगतो, पोरी, मी थकलो होतो. मला तुझ्या दादाचा राग आला नव्हता. छोटीचे निळे ओठ मी पाहिले होते, त्याच्या जागी मी असतो तर मांजरीला तिथल्या तिथे दाराबाहेर ठेवलं असतं. पण घरात अचानक एका जिवाला जागा उरली नाही आणि त्या जिवाशिवाय माझं कुणी माझ्या खोलीत येत नव्हतं. मी तिच्याबरोबर निघालो. कुणी जिन्यात गाठून परत फिरवील असं वाटलं होतं. नाही फिरवलं, कारण दादा ऑफिसात, वहिनी छोटीला घेऊन औषधं आणायला, कुणी घरी नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मग वाट पाहायची सवय लागली. तुझा दादा रोज येई. डबा घ्या म्हणे, हीटर घ्या म्हणे, औषध घ्या म्हणे, मांजर दुसरीकडे देऊ या म्हणे. भला मुलगा आहे, थंडीत उभा राहून सगळं म्हणे. घरी चला एवढं मात्र एकदाही म्हणाला नाही. आणि आपणहून घरी येतो म्हणण्याइतकी माझी मान वाकेना. तुझ्या खोट्यानं शटर उघडलं, पण मला घरी आणलं ते त्याच्या त्या दोन शब्दांनी.

हे त्याला मी परवा सांगितलं. तो म्हणाला की त्याला वाटत होतं, बाबांना यायचंच नाहीये, आणि विचारलं तर ते नाही म्हणतील, म्हणून तो विचारायला घाबरत होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो, दोन म्हातारे गाढव. तो रडला, मी खोकल्याचं निमित्त केलं.

आणखी लिहिणार होतो, पण वहिनी जेवायला हाक मारते आहे. आता हाक आली की मी वाट पाहायला लावत नाही. उठतो.

तुझे,
बाबा